बीडचा श्रोता आणि आकाशवाणीचा एक दिवस

१.
आकाशवाणीचा इतिहास बहुधा केंद्रांच्या बाजूने सांगितला जातो. कोणत्या शहरात केंद्र केव्हा निघाले, तिथे कोण नामवंत नोकरीस होते, कोणते कार्यक्रम गाजले, हे आपण वाचलेले असते. आजच्या धाग्यात श्रोत्याच्या बाजूने पाहू. स्वतःचे केंद्र नसलेल्या बीड जिल्ह्यात १९७५ च्या सुमारास पहाटेपासून रात्रीपर्यंत रेडिओ लावून ठेवला, तर कोणकोणत्या गावांचे आवाज कानी येत? आणि ते नेमके त्याच गावांहून का येत? या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात मराठवाड्याचा अर्ध्या शतकाचा राजकीय इतिहास आहे.

२.
आधी यंत्राविषयी. त्या काळी परवान्याशिवाय रेडिओ बाळगता येत नसे. टपाल कार्यालयात दरवर्षी शुल्क भरून परवान्यावर नोंद करून घ्यावी लागे. हे शुल्क ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर रद्द झाले. वीज न पोहोचलेल्या गावांत उपयोग होता तो सेलवर चालणाऱ्या ट्रान्झिस्टरचा. घरोघरी संच नव्हतेच. ग्रामपंचायतीचा सार्वजनिक संच, बसस्थानकाजवळचे हॉटेल, केशकर्तनालय, नाहीतर गुरुजींचे घर अशा ठिकाणी माणसे जमून ऐकत. त्यामुळे ऐकणे ही बहुतेकांच्या बाबतीत चारचौघांत करण्याची गोष्ट होती आणि बातमीवरची पहिली चर्चाही तिथेच होई.

३.
पहाट. प्रथम येते ती तंबोऱ्याच्या साथीने वाजणारी व्हायोलिनची परिचित संकेतधून. शिवरंजनी रागावर बेतलेली ही धून वॉल्टर कॉफमन यांच्या नावावर आहे. ते मध्य युरोपातले ज्यू संगीतकार होते. हिटलरच्या उदयानंतर १९३४ साली ते मुंबईस आले आणि पुढे तिथल्या रेडिओ केंद्रावर पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख झाले. देशोधडीला लागलेल्या एका परदेशी माणसाची ही रचना भारतातल्या लाखो घरांची पहाट ठरली. तिच्यामागून वंदे मातरम्, मंगलवाद्य आणि भक्तिगीते येत. मुकुंदराज आणि दासोपंतांचे अंबाजोगाई ज्या जिल्ह्यात आहे, जिथे सप्ताह आणि कीर्तनाने कान घडलेले आहेत, तिथे या तासाची वेगळी ओळख करून द्यावी लागली नाही.

४.
सहा वाजून पंचावन्न मिनिटांनी दिल्लीहून संस्कृत बातम्या. त्या ३० जून १९७४ रोजी सुरू झाल्या, म्हणजे आपल्या या दिवशी त्यांना जेमतेम वर्ष झाले होते. संस्कृत समजणारे श्रोते थोडे. तरीही हे वार्तापत्र अनेक घरांत चालू राही, कारण त्यावरून वेळ कळे. बातम्यांआधी वाजणाऱ्या ठोक्यांवर मनगटी घड्याळे लावली जात. शाळेची घंटा आणि एसटीची पहिली गाडी गाठण्याची घाई यांना आकाशवाणीचे घड्याळ प्रमाण असे. ज्या गावात बुरुजावर घड्याळ नाही आणि टपालखाते आठवड्यातून ठरावीक दिवशीच येते, त्या गावात दिवसाचे तास नेमके मोजण्याची सवय रुजण्यात रेडिओचा वाटा मोठा आहे.

५.
सात वाजून गेल्यावर पुण्याहून प्रादेशिक बातम्या. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. सुधा नरवणे यांच्यासारख्या वृत्तनिवेदकांचे आवाज महाराष्ट्राच्या पुष्कळ भागांत घरच्या माणसासारखे ओळखीचे झाले. पण बीडच्या बातमीचा प्रवास पाहा. जिल्ह्याच्या ठिकाणचा मानधनावरचा अंशकालीन वार्ताहर ती तारेने अथवा दूरध्वनीने कळवणार. शहरातला संपादक ती निवडणार किंवा बाजूला ठेवणार. निवडली गेलीच, तर दोन ओळींत आवरून ती शेकडो किलोमीटरचा फेरा घेत पुन्हा बीडकरांच्या कानी पडणार. आपल्या जिल्ह्यात काय घडले हे आपल्यालाच दुसऱ्या गावाने सांगावे, अशी ही व्यवस्था होती.

६.
साडेआठ वाजता दिल्लीहून मराठी बातम्या. दिल्लीच्या वृत्तकक्षात मूळ मजकूर इंग्रजीत अथवा हिंदीत तयार होई. मराठी विभागातले निवेदक तो थोड्या वेळात मराठीत उतरवत आणि स्वतःच वाचत. बीडसारख्या जिल्ह्यात या मराठीला एक वेगळे महत्त्व होते. निजामी राजवटीत कचेरी उर्दूची, उच्च शिक्षणही उर्दूचे. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले तेच उर्दू माध्यम घेऊन. त्या व्यवस्थेत शिकलेली पिढी १९७५ मध्ये पन्नाशीत होती. अर्थसंकल्प, अध्यादेश, आंतरराष्ट्रीय करार या गोष्टी मराठीत कशा बोलाव्यात, याचा रोजचा आणि फुकट वस्तुपाठ या पिढीला रेडिओने दिला.

७.
दिल्लीच्या आवाजाची दुसरी बाजूही याच वर्षी दिसली. २६ जून १९७५ च्या सकाळी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी आकाशवाणीवरून आणीबाणी लागू झाल्याचे देशाला सांगितले. आकाशवाणी तेव्हा थेट सरकारी खात्याचा भाग होती. त्यामुळे त्यानंतरच्या काळात देशात खरोखर काय चालले आहे हे ऐकण्यासाठी अनेक श्रोते रात्री लघुलहरींवर बीबीसी शोधू लागले. आणीबाणीनंतर नेमलेल्या बी. जी. वर्गीस समितीने १९७८ साली स्वायत्त ‘आकाश भारती’ची शिफारस केली. प्रसार भारतीचा कायदा व्हायला १९९० साल उजाडले आणि तो अमलात यायला १९९७. ज्या देशात रेडिओ हेच कोट्यवधींचे वर्तमानपत्र होते, तिथे या दिरंगाईची किंमत श्रोत्यांनी मोजली.

८.
दिवसा शालेय कार्यक्रम, स्त्रियांसाठी कार्यक्रम, भाषणे, श्रुतिका. मुंबई केंद्राच्या ‘पुन्हा प्रपंच’मधले टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि प्रभाकरपंत म्हणजे बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी. शहरी मध्यमवर्गीय संसाराच्या गप्पांतून सरकारी योजनांपासून सणवारापर्यंत सारे सांगून टाकणारी ही मालिका फार लोकप्रिय झाली. सामना असला की बाळ ज. पंडित यांचे मराठी समालोचन असे. त्यांनी क्रिकेटला मराठी बोलायला शिकवले. पण या साऱ्यातले घर, चाळ आणि मैदान मुंबई-पुण्याचे होते. बीडचा श्रोता त्यात पाहुण्यासारखा बसे. यजमान अगत्याचे असले तरी घर दुसऱ्याचे होते.

९.
दिवस कलला की शेतकऱ्यांचा तास. हवामान, बाजारभाव आणि शेतीविषयक सल्ला, असा त्याचा साधारण आराखडा असे. आकाशवाणीने १९६६ पासून केंद्राकेंद्रांवर शेती व गृहविभाग सुरू केले. हरितक्रांतीच्या वर्षांत याचा प्रभाव एवढा होता की, तामिळनाडूत भाताच्या एका नव्या वाणाला शेतकरी ‘रेडिओ भात’ म्हणू लागले, कारण त्याची माहिती त्यांना रेडिओवरून मिळाली होती. मराठवाड्यात साठच्या दशकाच्या अखेरीस परभणीला केंद्र निघाले. १८ मे १९७२ रोजी त्याच गावात मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. काळ्या जमिनीची, कापूस-ज्वारी-तुरीची आणि कोरडवाहू शेतीची भाषा बोलणारे तज्ज्ञ आणि ध्वनिक्षेपक एका गावात आले.

१०.
पण शेतकऱ्याने नुसते ऐकायचे की बोलायचेही? या प्रश्नावर जगभर गाजलेला एक प्रयोग आपल्या महाराष्ट्रातच झाला. कॅनडात चाळीसच्या दशकात शेतकऱ्यांची श्रोता मंडळे चालत; वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा, असे त्यांचे ब्रीद होते. त्या धर्तीवर युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने १९५६ साली तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच जिल्ह्यांत रेडिओ ग्रामसभा भरवल्या. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर हे ते जिल्हे. सुमारे दीडशे गावांत मंडळे झाली आणि पुणे केंद्रावरून वीस कार्यक्रम प्रसारित झाले. गावकरी एकत्र बसून ऐकत, मग चर्चा करत, आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवत. पुढच्या कार्यक्रमांत त्या प्रश्नांना उत्तरे मिळत.

११.
या प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केले. समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी त्यावर अहवाल लिहिला. मंडळे असलेल्या गावांत शेती व आरोग्याविषयीचे ज्ञान नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा अधिक वाढले, असे त्यात आढळले. म्हणजे लाभ यंत्राचा थोडा आणि बैठकीचा जास्त होता. माणूस ऐकून, बोलून, शेजाऱ्याशी वाद घालून शिकतो, ही गोष्ट आकड्यांनी सिद्ध झाली. १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली आणि पुढे आफ्रिकेतल्या घानासारख्या देशांतही या पद्धतीचे प्रयोग झाले.

१२.
आता नकाशा पाहू. अहमदनगर जिल्ह्याला लागून बीडचा आष्टी तालुका आहे. सोयरिकी, बाजार, पाण्याची टंचाई, सारे दोन्हीकडे सारखे. पण १९५६ च्या फेब्रुवारीत, प्रयोग सुरू झाला तेव्हा, अहमदनगर मुंबई राज्यात होते आणि बीड हैदराबाद राज्यात. पुण्याची ध्वनिलहर सीमा ओलांडून आष्टीत येत होती. ग्रामसभा मात्र सीमेपाशी थांबली. अलीकडच्या गावाला प्रश्न विचारण्याची सोय होती, पलीकडच्या गावाला ऐकण्याची तेवढी मुभा. राज्य पुनर्रचना होऊन मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले ते १ नोव्हेंबर १९५६ रोजी, प्रयोग संपून काही महिने उलटल्यावर.

१३.
सायंकाळी सात वाजता मुंबईहून प्रादेशिक बातम्या. १ मे १९६० नंतर मुंबई ही बीडचीही राजधानी झाली होती. मंत्रिमंडळाचे निर्णय आणि विधिमंडळातले वाद याच वेळी कळत. १९७२ च्या दुष्काळात या बातम्यांना जगण्या-मरण्याचा अर्थ होता. पाऊस नाही, ज्वारी नाही, विहिरी कोरड्या. खडी फोडण्याच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर हजारो माणसे राबत होती. शासन काय ठरवते, याकडे त्यांचे कान लागलेले असत. याच अनुभवातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ च्या कायद्याने कामाचा हक्क मान्य झाला. त्या कामांवरच्या माणसांविषयी रेडिओ पुष्कळ बोलला. ती माणसे स्वतः रेडिओवर क्वचितच बोलली.

१४.
रात्र पडली की बीडच्या रेडिओवरचा भूगोल पालटे. मध्यम लहरी दिवसा जमिनीलगत प्रवास करतात, कारण वातावरणाच्या वरच्या भागातला एक विद्युतभारित थर त्यांचा आकाशाकडे जाणारा भाग शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, त्याच्या वरच्या थरावरून लहरी परावर्तित होतात आणि शेकडो किलोमीटर दूर उतरतात. लघुलहरींवर रेडिओ सिलोन दूरवरून येत असेच. माहितीमंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीवर जवळजवळ बंदी घातली, तेव्हा श्रोते सिलोनकडे वळले. १९५२ पासून अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ तिथून ऐकू येऊ लागली. ऑक्टोबर १९५७ मध्ये विविध भारती सुरू करून सरकारला आपल्या श्रोत्यांना परत बोलवावे लागले.

१५.
आणि याच रात्रीच्या लहरींवर मराठवाड्यात हैदराबादही ऐकू येई. जुन्या माणसांना हा आवाज नवा नव्हता. हैदराबादेत एका खासगी प्रक्षेपकापासून निघालेले रेडिओ केंद्र निजाम सरकारने १९३५ साली ताब्यात घेतले होते. उर्दू कारभारात बिनतारीला ‘लासिलकी’ म्हणत. त्या राज्याने पुढे औरंगाबादेतही केंद्र काढले. स्वातंत्र्याच्या वेळी देशात दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ ही सहा केंद्रे होती. संस्थानांची पाच होती, म्हैसूर, त्रिवेंद्रम, बडोदे, हैदराबाद आणि औरंगाबाद. पुण्याला तर सोडाच, नागपूरलाही तेव्हा केंद्र नव्हते. मागास म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मराठवाड्यात मात्र ते होते.

१६.
या हैदराबाद रेडिओवरचे सर्वांत महत्त्वाचे भाषण १७ सप्टेंबर १९४८ रोजी झाले. भारतीय फौजांची कारवाई १३ तारखेला सुरू झाली होती. पाचव्या दिवशी निजाम मीर उस्मान अली खान स्वतः रेडिओवरून बोलले आणि युद्धविराम जाहीर केला. संस्थानातले भारताचे प्रतिनिधी कन्हैयालाल मुन्शी यांनी लिहून ठेवले आहे की, निजामांनी रेडिओ केंद्रात पाऊल टाकण्याची ती पहिलीच वेळ होती. आपण जो दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो, त्याची वार्ता अनेकांनी प्रथम ऐकली ती अशी, राज्यकर्त्याच्या तोंडून आणि त्याच्याच रेडिओवरून.

१७.
१ एप्रिल १९५० रोजी हैदराबाद आणि औरंगाबाद ही दोन्ही केंद्रे आकाशवाणीत आली. हैदराबादचे केंद्र वाढले. औरंगाबादचे मात्र पन्नासच्या दशकातच बंद झाले आणि मराठवाड्याला स्वतःच्या आवाजासाठी पुन्हा वाट पाहावी लागली. या दरम्यान भाषिक राज्याची मागणी आली, सीमा बदलल्या, राजधानी बदलली. बीडच्या श्रोत्याने सुई हैदराबादवरून पुण्याकडे आणि मुंबईकडे फिरवली. रेडिओच्या पट्टीवरचा हा बोटभर प्रवास म्हणजेच मराठवाड्याचे महाराष्ट्रात येणे.

१८.
रात्री पावणेनऊला हिंदी बातम्या, नऊला इंग्रजी, मग नाटक किंवा संगीत. १९५२ पासून चाललेल्या संगीताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात शनिवारी रात्री देशातले मोठे गवई ऐकायला मिळत. सकाळपासून पाहिले तर दिल्ली, पुणे, मुंबई, परभणी, कोलंबो, हैदराबाद एवढी गावे बीडमध्ये बोलून गेली. बीडच्या गावाचे नाव या दिवसात उच्चारले जाण्याचा सोपा मार्ग एकच होता, तो म्हणजे फर्माइशीचे पोस्टकार्ड. निवेदक गाण्याआधी नावांची यादी वाचत आणि त्यात आपल्या गावाचे नाव आले की साऱ्या गावात बोलणे होई. त्या यादीसाठी माणसे चिकाटीने पत्रे लिहीत. त्यांत गाण्याच्या आवडीइतकीच आपण इथे आहोत हे नोंदवण्याची इच्छा होती.

१९.
हे चित्र बदलण्यासाठी स्थानिक केंद्रांची कल्पना पुढे आली. एका जिल्ह्यापुरते केंद्र, तिथल्याच माणसांना बोलते करणारे. देशातले असे पहिले केंद्र १९८४ साली तामिळनाडूत नागरकोइलला निघाले. त्यानंतरच्या वर्षांत महाराष्ट्रात अहमदनगर, नांदेड, उस्मानाबाद, सोलापूर अशी केंद्रे होत गेली आणि बीडलाही मिळाले, एफएमवर १०२.९ मेगाहर्ट्झला. एफएमची लहर साधारण नजरेच्या टप्प्यापर्यंत जाते, बालाघाटाच्या डोंगररांगा तिला अडवतात. पण तिच्या या मर्यादेतच तिचे मोल आहे. ती दूर जात नाही, म्हणून तिला जवळचेच बोलावे लागते. गेवराईचा कापूस उत्पादक, अंबाजोगाईचा डॉक्टर, धारूरची बचतगटातली बाई हे या केंद्राचे स्वाभाविक वक्ते ठरतात.

२०.
या जिल्ह्यापुरते तरी हे फार मोलाचे आहे. दसऱ्यानंतर बीडमधून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी सहा-सहा महिने फडाजवळच्या कोप्यांत राहतात. मागे गावात म्हातारी माणसे आणि मुले उरतात. या लोकांचे प्रश्न मुंबईच्या वार्तापत्रात संप झाला की येतात, दिल्लीच्या वार्तापत्रात बहुधा येतच नाहीत. त्यांच्या मुलांच्या शाळेविषयी, मजुरीच्या दराविषयी, बायांच्या आरोग्याविषयी त्यांच्याच बोलीत रोज बोलू शकेल असे माध्यम म्हणजे जिल्ह्याचे केंद्र.

२१.
म्हणूनच आजचे प्रश्न लक्षपूर्वक पाहावेत. स्थानिक केंद्रांवर दिवसाचा मोठा भाग इतर केंद्रांच्या सहक्षेपणाने भरला जातो. जून २०२३ मध्ये पुण्याचा वृत्तविभाग बंद करून त्याचे काम छत्रपती संभाजीनगरकडे देण्याचा आदेश निघाला. तीव्र विरोधानंतर तो स्थगित झाला. मराठवाड्यातल्या काहींना तो न्याय वाटला असेल. पण एका गावाचा ध्वनिक्षेपक बंद करून दुसऱ्याला देण्यात कोणत्याच श्रोत्याचा लाभ नसतो. पन्नासच्या दशकात औरंगाबादने तो अनुभव घेतला आहे. भारतात खासगी एफएम वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या तयार करून देण्यास आजही परवानगी नाही. त्यामुळे जिल्ह्याची बातमी रेडिओवर येईल तर ती मुख्यतः आकाशवाणीवरूनच.

२२.
सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालात ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. बीडच्या इतिहासासमोर ठेवून पाहिले की या वाक्याचा अर्थ नेमका होतो. सार्वजनिक विहिरीवर पाणी भरण्याचा हक्क सर्वांचा असतो, पाणी वाहताना पाहण्याचा नव्हे. १९५६ साली आष्टीच्या सीमेवर थांबलेली ग्रामसभा पुढे एका ध्वनिक्षेपकाच्या रूपाने बीडला पोहोचली. त्या ध्वनिक्षेपकासमोर रोज किती वेळ बीडचा माणूस बसतो, हे आपण श्रोत्यांनी मोजत राहिले पाहिजे.

धागा इथे पूर्ण. आपल्या गावी पूर्वी कोणकोणती केंद्रे लागत, घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि खाली अवश्य लिहा.